शिकागोचे महापौरपद : पहिल्या फेरीत पहिला आलेला उमेदवार हरतो कसा?

सरोवरकाठ (धागाकर्ता)

शिकागोच्या महापौरपदाची पुढची निवडणूक फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेली आहे. त्या निमित्ताने २०२३ च्या निकालाचा विषय आमच्याकडच्या गप्पांत पुन्हा निघू लागला आहे. पॉल व्हॅलस पहिले आले असताना ब्रँडन जॉन्सन महापौर कसे झाले, हा प्रश्न भारतातून येणारे पाहुणे विचारतात, आणि इथे वीस वर्षे राहिलेली माणसेही विचारतात. त्याचे उत्तर एका ठिकाणी नीट लिहून ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे.

नियम सोपा आहे. शिकागोत महापौर, सिटी क्लर्क, कोषाध्यक्ष आणि पन्नास प्रभागांचे नगरसेवक यांची निवडणूक पक्षविरहित असते, म्हणजे मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन असे काही छापलेले नसते. फेब्रुवारीच्या अखेरीस पहिली फेरी होते. तीत कोणालाही पन्नास टक्क्यांहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला दुसरी फेरी होते, जिला इथे सगळे रनऑफ म्हणतात.

२८ फेब्रुवारी २०२३ रोजी नऊ उमेदवार उभे होते. व्हॅलस यांना ३२.९ टक्के, जॉन्सन यांना २१.६ टक्के, विद्यमान महापौर लोरी लाइटफूट यांना १६.८ टक्के, खासदार हेसुस ‘चुय’ गार्सिया यांना १३.७ टक्के आणि व्यावसायिक विली विल्सन यांना नऊ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. उरलेले चौघे दोन-अडीच टक्क्यांच्या आत राहिले. लाइटफूट पहिल्याच फेरीत बाद झाल्या. १९८३ मध्ये जेन बर्न हरल्या, त्यानंतर पुन्हा उभे राहून हरलेल्या त्या पहिल्याच निवडून आलेल्या महापौर. ४ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत जॉन्सन यांना सुमारे ५२.२ टक्के आणि व्हॅलस यांना ४७.८ टक्के मते पडली, आणि त्याच रात्री व्हॅलस यांनी पराभव मान्य केला.

टक्केवारीपेक्षा मतांचे आकडे अधिक बोलके आहेत. फेब्रुवारीत व्हॅलस यांना सुमारे १ लाख ८५ हजार मते होती, एप्रिलमध्ये ती २ लाख ९३ हजार झाली. जॉन्सन यांची मते १ लाख २२ हजारांवरून थेट ३ लाख १९ हजारांवर गेली. पाच आठवड्यांत एकाने लाखभर मते जोडली, तर दुसऱ्याने जवळजवळ दोन लाख. हा फरक कुठून आला ते नकाशावर दिसते. पहिल्या फेरीत दक्षिण आणि पश्चिम भागांतील कृष्णवर्णीय वस्तीचे प्रभाग बहुतांशी लाइटफूट यांच्या मागे होते आणि लिटल व्हिलेज, पिल्सनसारखे लॅटिनो प्रभाग गार्सिया यांच्या मागे. नऊ उमेदवारांपैकी सात कृष्णवर्णीय होते, त्यामुळे तिथली मते वाटली गेली होती. दुसऱ्या फेरीत कृष्णवर्णीय प्रभाग प्रचंड बहुमताने जॉन्सन यांच्याकडे गेले, गार्सिया यांनी त्यांना पाठिंबा दिला, आणि उत्तरेकडील सरोवरालगतच्या रॉजर्स पार्क, अपटाउन या भागांतील तरुण, भाड्याने राहणारा मतदार पहिल्या फेरीपासूनच त्यांच्याबरोबर होता. व्हॅलस यांच्याकडे वायव्य आणि नैऋत्य टोकाचे प्रभाग आणि डाउनटाउन राहिले. माउंट ग्रीनवुड, एडिसन पार्क ही नावे ज्यांना माहीत आहेत त्यांना याचे कारण सांगायला नको. शहराच्या नोकरांनी शहराच्या हद्दीतच राहिले पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे पोलीस आणि अग्निशमन दलातील हजारो कुटुंबे हद्दीच्या अगदी कडेला घरे करून राहतात, आणि पोलीस संघटनेचा पाठिंबा व्हॅलस यांना होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की दोन फेऱ्यांत दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. फेब्रुवारीत कोणाचा गट सर्वांत मोठा ते कळते. आपला उमेदवार बाद झाल्यावर बाकीच्यांना कोण चालेल, ते एप्रिलमध्ये कळते. व्हॅलस यांचा गट मोठा होता, पण त्या गटाबाहेर त्यांना वाढायला जागा कमी होती. म्हणून या निकालात फसवणूक किंवा चमत्कार शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही.

---

उपनगरवासी

उत्तम माहिती. शिकागो परिसरातील मराठी मंडळींपैकी फार मोठा भाग नेपरव्हिल, शॉमबर्ग, अरोरा अशा उपनगरांत राहतो, आणि आम्हांला या निवडणुकीत मतच नसते, हे भारतातील वाचकांसाठी इथे नोंदवावेसे वाटते. कार्यालय लूपमध्ये (शहराच्या मध्यवर्ती भागात), रोजची गाडी युनियन स्टेशनला, शहराचा विक्रीकर आम्ही भरतो, पण महापौर आमचा नाही. त्या दोन महिन्यांत स्थानिक दूरदर्शन वाहिन्यांवरील जाहिराती मात्र आम्हीही तेवढ्याच सोसल्या.

माझी शंका वेगळी आहे. मतपत्रिकेवर पक्ष नव्हता, पण प्रचारात पक्षाशिवाय दुसरे काय होते? ‘व्हॅलस हे खरे रिपब्लिकन आहेत’ हे एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की निवडणूक पक्षविरहित आहे हे विसरायला झाले.

---

जुना रहिवासी

उपनगरवासी यांच्या शंकेचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून थोडे मागे जातो.

शिकागोत १९३१ नंतर एकही रिपब्लिकन महापौर झालेला नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीत खरी निवडणूक म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक, आणि ती निम्म्याहून कमी मते मिळाली तरी इतरांपेक्षा जास्त मतांवर जिंकता येई. १९७९ च्या जानेवारीत मोठे हिमवादळ आले, रस्ते साफ होईनात, आणि त्या रागाच्या भरात महापौर मायकेल बिलँडिक यांना प्राथमिक निवडणुकीत हरवून जेन बर्न आल्या. १९८३ मध्ये बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांनी एकमेकांची मते खाल्ली, आणि हॅरॉल्ड वॉशिंग्टन सुमारे ३६ टक्के मतांवर पक्षाचे उमेदवार झाले. पुढे जे घडले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आयुष्यभर डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे माझे गोरे शेजारी बर्नार्ड एप्टन या रिपब्लिकन उमेदवाराच्या पाट्या अंगणात लावू लागले, कारण समोरचा उमेदवार कृष्णवर्णीय होता. ‘फार उशीर होण्यापूर्वी’ अशा अर्थाची एप्टन यांच्या प्रचाराची ओळ होती. तिचा रोख कोणाकडे आहे हे लहान मुलालाही कळत होते. वॉशिंग्टन १२ एप्रिल १९८३ रोजी साधारण ५२ टक्के मतांनी जिंकले आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले.

त्यानंतर पक्षविरहित निवडणुकीची मागणी पुढे आली, ती कोणाच्या सोयीची होती हे सांगायला नको. १९८६ मध्ये त्यासाठी सह्या गोळा झाल्या. एका मतपत्रिकेवर सार्वमताचे तीनच प्रश्न घेता येतात, या नियमाचा आधार घेऊन वॉशिंग्टन यांच्या बाजूने दुसरेच तीन प्रश्न आधी घालून जागा भरून टाकली! तो डाव मला आजही आवडतो. अखेर १९९५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे असताना कायदा झाला आणि १९९९ च्या निवडणुकीपासून तो लागू झाला. वॉशिंग्टन यांच्यासारखा उमेदवार पुन्हा अल्पमतावर निवडून येऊ नये हाच यामागचा हेतू आहे, असा आरोप तेव्हा कृष्णवर्णीय नेत्यांनी केला होता, आणि मला तो अवाजवी वाटत नाही.

आता गंमत पाहा. त्याच १९९५ च्या विधिमंडळाने शिकागोच्या सार्वजनिक शाळांचा कारभार महापौरांच्या हाती देणारा कायदाही केला, आणि त्या कायद्याखाली शाळांचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून तेव्हाचे महापौर डेली यांनी नेमले ते पॉल व्हॅलस यांना. म्हणजे ज्या विधिमंडळाच्या कायद्यामुळे व्हॅलस यांचे नाव घरोघरी झाले, त्याच विधिमंडळाच्या दुसऱ्या कायद्यामुळे अठ्ठावीस वर्षांनी त्यांचे महापौरपद गेले. सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो असा नियम असता, तर ते २८ फेब्रुवारीलाच महापौर झाले असते.

---

सरोवरकाठ

जुना रहिवासी यांचे मनापासून आभार. १९९५ चा तो दुवा माझ्या ध्यानात आला नव्हता. एक भर घालतो. कायदा १९९९ पासून लागू असला, तरी महापौरपदाची दुसरी फेरी प्रत्यक्षात पहिल्यांदा झाली ती २०१५ मध्ये. डेली यांनी १९९९ मध्ये बॉबी रश यांना ७२ टक्के मते मिळवून हरवले, पुढच्या दोन निवडणुकाही सहज जिंकल्या, आणि २०११ मध्ये राह्म इमॅन्युएल यांनी ५५ टक्के मिळवून पहिल्या फेरीतच निकाल लावला. २०१५ मध्ये इमॅन्युएल साडेपंचेचाळीस टक्क्यांवर अडकले. २०१३ मध्ये त्यांच्या काळात सुमारे पन्नास शाळा एकदम बंद झाल्या होत्या, त्याचा राग होता. शिक्षक संघटनेच्या अध्यक्ष कॅरन लुईस त्यांच्याविरुद्ध उभ्या राहण्याच्या तयारीत होत्या, पण मेंदूतील गाठीच्या आजारामुळे त्यांना थांबावे लागले आणि त्यांच्या जागी गार्सिया उतरले. दुसऱ्या फेरीत इमॅन्युएल ५६ टक्क्यांनी जिंकले. जॉन्सन हे त्याच शिक्षक संघटनेचे संघटक. म्हणजे २०२३ ची लढत २०१५ मध्येच सुरू झाली होती असे म्हटले तरी चालेल.

उपनगरवासी यांच्या शंकेबद्दल : व्हॅलस यांची कारकीर्द कागदोपत्री डेमोक्रॅटिक आहे. २००२ मध्ये ते राज्यपालपदाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत थोडक्यात हरले आणि २०१४ मध्ये तेव्हाचे राज्यपाल पॅट क्विन यांच्याबरोबर उपराज्यपालपदाचे उमेदवार होते. परंतु २००९ च्या एका दूरदर्शन मुलाखतीत आपण डेमोक्रॅटपेक्षा रिपब्लिकन अधिक आहोत, अशा आशयाचे ते बोलले होते, आणि जॉन्सन यांच्या बाजूने ती चित्रफीत पाच आठवडे लावून धरली. उलट बाजूने जॉन्सन यांच्या २०२० मधील पोलिसांचा निधी कमी करण्याविषयीच्या विधानांचा असाच वापर झाला. डेमोक्रॅटिक पक्षातही सरळ फूट होती : सिनेटर डिक डर्बिन व्हॅलस यांच्या बाजूला, तर बर्नी सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरन जॉन्सन यांच्या बाजूला. मतपत्रिकेवरून पक्ष काढला की पक्षाचे नाव न घेता पक्षांतर्गत लढाई लढली जाते. २०२३ मध्ये तेच झाले.

---

पालिकेत हयात गेली

मी महाराष्ट्रात नगरपरिषदेच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हा धागा आवडीने वाचला. आमच्याकडे नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हा खेळ २००१ पासून चालू आहे. कायदा येतो, सरकार बदलते, कायदा जातो. २००६ मध्ये थेट निवड गेली, २०१६ मध्ये आली, महाविकास आघाडीच्या काळात पुन्हा गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली, आणि डिसेंबर २०२५ च्या नगरपालिका निवडणुका थेट पद्धतीने झाल्या. मात्र यांतील एकाही कायद्यात पन्नास टक्क्यांची अट नव्हती. चौरंगी लढतीत निम्म्याहून अधिक मतदार विरोधात असतानाही नगराध्यक्ष निवडून येतो, आणि मग सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, खुर्ची तिसऱ्याची, असा संसार पाच वर्षे रेटावा लागतो. महानगरपालिकांचा महापौर तर नगरसेवकच निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी, आणि कारभार आयुक्तांच्या हातात असतो. त्यामुळे शिकागोच्या महापौराची तुलना आपल्या महापौराशी करण्यात अर्थ नाही, केलीच तर थेट निवडलेल्या नगराध्यक्षाशी करावी.

मला प्रशासकीय बाजूने विचारायचे आहे. महिन्याभरात दुसरी निवडणूक म्हणजे पुन्हा कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, पुन्हा साहित्यवाटप, पुन्हा स्ट्राँगरूमचा बंदोबस्त. आमच्या तहसीलदारांना हे सांगितले असते, तर त्यांनी रजाच टाकली असती. शिवाय मतदार दुसऱ्यांदा येतो का?

---

सरोवरकाठ

दुसऱ्यांदा येतो की नाही, हे लढतीवर अवलंबून असल्याचे दिसते. २०१५ मध्ये पहिल्या फेरीत सुमारे ३४ टक्के मतदान झाले आणि दुसऱ्या फेरीत ते ४१ टक्क्यांच्या आसपास गेले. २०१९ मध्ये उलट झाले, ३५ वरून ३३ वर घसरले. २०२३ मध्ये ३६ च्या आसपासून ३८-३९ वर गेले. मतदान एकूणच कमी आहे, याची लाज वाटायला हवी. पण त्याचा दोष दुसऱ्या फेरीला देता येणार नाही.

मतपत्रिका दुसऱ्या फेरीत फारच सुटसुटीत होते. २०२३ मध्ये क्लर्क आणि कोषाध्यक्ष बिनविरोध आले होते आणि माझ्या प्रभागाच्या नगरसेवकाचा निकाल फेब्रुवारीतच लागला होता, त्यामुळे एप्रिलमध्ये हातात आलेल्या कागदावर दोनच नावे होती. त्याच फेब्रुवारीत पोलीस जिल्हा परिषदांचीही (पोलिसांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या विभागवार समित्यांची) पहिलीच निवडणूक होती, आणि त्या उमेदवारांची नावे वाचता वाचता माझ्यामागच्या आजींनी उघड उसासा टाकला होता. चौदा प्रभागांत नगरसेवकपदाचीही दुसरी फेरी होती, तिथला कागद थोडा मोठा असणार.

---

गणिती

दुसऱ्या फेरीची गरजच काय, असा माझा मूळ प्रश्न आहे. पसंतीक्रमाने मत घेतले तर एकाच दिवशी काम होते. महाराष्ट्रातील पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपण हेच करतो : निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे, शेवटचा उमेदवार बाद होत जातो आणि त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. शिकागोला लागून असलेल्या इव्हॅन्स्टनच्या मतदारांनीही नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा पद्धतीच्या बाजूने मोठा कौल दिला होता.

आता २०१९ ची निवडणूक घ्या. चौदा उमेदवार. लाइटफूट १७.५ टक्के, टोनी प्रेकविंकल १६ टक्के, आणि या दोघी दुसऱ्या फेरीत. दोघींची बेरीज सुमारे साडेतेहतीस टक्के होते, म्हणजे तीनपैकी दोन मतदारांनी दोघींपैकी कोणालाच निवडले नव्हते. तिसऱ्या क्रमांकावरचे बिल डेली १४.८ टक्क्यांवर होते. सव्वा टक्क्याच्या फरकाने शहराची अंतिम लढत ठरली. इतक्या थोड्या मतांवर पहिले दोन ठरवणाऱ्या पद्धतीला ‘बहुमताची पद्धत’ म्हणणे मला धाडसाचे वाटते.

---

सरोवरकाठ

गणिती यांचा २०१९ बद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. या पद्धतीचा सर्वांत दुबळा सांधा तोच आहे. नंतर लाइटफूट यांनी जवळजवळ ७४ टक्के मते आणि पन्नासच्या पन्नास प्रभाग जिंकले. जानेवारीत नगरसेवक एड बर्क यांच्यावर खंडणीचा आरोप ठेवला गेला होता, बर्क यांच्याशी संबंध असलेले सगळेच उमेदवार अडचणीत आले होते, आणि लाइटफूट त्या वर्तुळाबाहेरच्या होत्या. लोकांनी जुन्या व्यवस्थेविरुद्ध मत दिले आणि ते लाइटफूट यांच्या खात्यावर जमा झाले. चार वर्षांनी त्यांना मिळालेले १६.८ टक्के हे त्यांच्या २०१९ च्या पहिल्या फेरीतील १७.५ टक्क्यांच्या जवळपासच आहेत. माझ्या मते त्यांचा स्वतःचा मतदार पहिल्यापासून तेवढाच होता.

मात्र पसंतीक्रमात एक गोष्ट हातची जाते, ती म्हणजे मधले पाच आठवडे. व्हॅलस यांना २०१९ मध्ये फक्त ५.४ टक्के मते होती, जॉन्सन यांना शहराबाहेर कोणी ओळखत नव्हते, आणि नऊ जणांच्या वादसभेत प्रत्येकाला मिनिटभर बोलायला मिळत होते. २८ फेब्रुवारीनंतर दोघेच समोरासमोर आले, तेव्हा पोलीस किती भरणार आणि पैसा कुठून आणणार, हे प्रश्न नीट विचारले गेले. जॉन्सन यांच्या सुमारे ८० कोटी डॉलरच्या नव्या करांच्या योजनेची चिरफाडही त्याच काळात झाली. फेब्रुवारीत १, २, ३ लिहायला सांगितले असते, तर बहुतेकांनी दुसरी पसंती अर्धवट माहितीवर दिली असती.

---

ह्यूस्टनची लेक

आमच्याकडे ह्यूस्टनमध्येही पक्षविरहित निवडणूक आणि रनऑफ आहे, पण चित्र वेगळे होते. नोव्हेंबर २०२३ च्या पहिल्या फेरीत जॉन व्हिटमायर यांना ४२.५ टक्के आणि खासदार शीला जॅक्सन ली यांना साधारण ३६ टक्के मते होती, आणि ९ डिसेंबरच्या फेरीत व्हिटमायर ६४ टक्क्यांनी जिंकले. ली यांना पहिल्या फेरीत जेवढे टक्के होते, दुसऱ्या फेरीतही जवळजवळ तेवढेच राहिले. दोघेही डेमोक्रॅट, पण रिपब्लिकन मतदारांना त्यांच्यापैकी एक चालत होता आणि दुसऱ्या मुळीच नको होत्या. सरोवरकाठ यांचे ‘बाहेर वाढायला जागा’ हे म्हणणे इथेही लागू पडते, फक्त इथे पहिला आलेलाच जिंकला.

---

उपनगरवासी

मग ५२ टक्क्यांचा उपयोग काय झाला, हेही लिहा. मार्च २०२४ मध्ये महागड्या घरांच्या विक्रीवरील कर वाढवून बेघरांसाठी निधी उभारण्याचा जॉन्सन यांचा प्रस्ताव सार्वमतात पडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी मांडलेली ३० कोटी डॉलरची मालमत्ता करवाढ नगरपरिषदेने ५० विरुद्ध ० मतांनी फेटाळली. एकही नगरसेवक बाजूला नाही! दुसऱ्या फेरीतून आलेले बहुमत इतके ठिसूळ असेल, तर ते बहुमत म्हणायचे का?

---

जुना रहिवासी

वॉशिंग्टन यांना तर पहिली तीन वर्षे नगरपरिषदेत ५० पैकी २९ जणांचा गट आडवा होता. त्यांचे बहुमत ठिसूळ होते असे कोणी म्हणत नाही. महापौर निवडून देणे आणि त्याचा प्रत्येक कर मान्य करणे, या दोन गोष्टी मतदाराने कधीच एकत्र बांधलेल्या नाहीत. मालमत्ता करवाढीला तर व्हॅलस यांनीही पन्नास मते मिळवली नसती, आणि त्यांना मिळालेली विरोधी मते कोणत्या प्रभागांतून आली असती, एवढाच फरक पडला असता.

त्याहून मोठा प्रश्न मला २०२७ चा वाटतो. विद्यमान महापौरांवर नाराजी असली की उमेदवार वाढतात, उमेदवार वाढले की दुसऱ्या क्रमांकासाठी लागणारी मते घटतात, आणि गणिती यांनी दाखवलेला २०१९ चा प्रसंग पुन्हा येऊ शकतो. महापौरपदासाठी १२,५०० वैध सह्या लागतात आणि त्यांवर एकमेकांचे वकील हरकती घेतात, हीच काय ती चाळणी. २०१९ मध्ये तीतून चौदा जण पार झाले होते.

---

गणिती

सह्यांची अट वाढवली तर पैसेवालेच उरतील. त्यापेक्षा पहिल्या फेरीत पसंतीक्रम आणि दुसरी फेरी कायम, असा मिश्र मार्ग मला पटतो : पहिले दोन पसंतीक्रमाने ठरवा आणि पाच आठवडे त्यांनाच समोरासमोर उभे करा. २०१९ मध्ये त्यातून कोणती जोडी आली असती सांगता येत नाही, पण निदान तीनपैकी दोन मतदारांना अंतिम जोडी ठरवण्यात काही वाटा मिळाला असता.

---

उपनगरवासी

हा मार्ग मलाही पटतो, पण विधिमंडळात तो कोण मांडणार? असो. एक व्यावहारिक प्रश्न विचारून थांबतो. आमची मुलगी नोकरीसाठी आता शहरात, लेकव्ह्यूमध्ये भाड्याने राहते, पण तिची मतदार नोंदणी अजून नेपरव्हिलच्या पत्त्यावर आहे. तिला फेब्रुवारीत मत देता येईल का?

---

सरोवरकाठ

देता येईल. मतदानाच्या दिवसापूर्वी किमान तीस दिवस ती त्या पत्त्यावर राहत असली पाहिजे. पत्ता ऑनलाइन बदलता येतो, आणि मुदत उलटून गेली तरी इलिनॉयमध्ये मतदानाच्या दिवशीही केंद्रावर नोंदणी करून लगेच मत देता येते. त्यासाठी ओळखीचे दोन पुरावे लागतात, त्यांपैकी एकावर लेकव्ह्यूचा पत्ता हवा. घरभाड्याचा करार किंवा विजेचे बिल चालते. मात्र हे काम तिने फेब्रुवारीतच उरकावे आणि पहिल्या फेरीला जावे, कारण एप्रिलच्या कागदावर कोणती दोन नावे येणार हे तिथेच ठरते.